“कोठून कमावले?” : लाभांश, क्रिप्टो आणि हलाल उत्पन्नाचा विचार



एका जुम्याची नमाज आटोपून मी मशिदीच्या पडवीत बसलो होतो. कुवेतला नोकरी करणारे आमच्या वस्तीतील एक गृहस्थ रजेवर आले होते. ते आपल्या धाकट्या भावाला घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. घराच्या स्लॅबसाठी म्हणून त्यांनी काही वर्षे धाकट्याकडे पैसे पाठवले होते. धाकट्याने २०२१ साली त्यांतील मोठी रक्कम थोरल्याला न विचारता क्रिप्टोमध्ये घातली. पुढच्या वर्षी तिचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला. घराच्या भिंती उभ्या आहेत. वर लोखंडी सळया पावसात गंजत आहेत.

थोरले म्हणाले, “मौलाना, माझं रागावून झालंय. आता समजून घ्यायचंय. हा म्हणतो, शेअरचा पैसा आणि क्रिप्टोचा पैसा एकच. मग माझ्या शेअरचा लाभांश चालतो आणि याचं चालत नाही, हे कसं?”

धाकट्याने मान वर न करता म्हटले, “मौलाना, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं.”

ते खरे होते. त्याने विचारले होते. मी घाईत होतो. “हराम आहे, नको” एवढे बोलून मी मकतबच्या मुलांकडे निघून गेलो होतो. कारण सांगितले नाही, पर्यायही सुचवला नाही. कारणाविना दिलेले उत्तर मनात टिकत नाही; त्याला मोबाईलवर दुसरे, अधिक गोड उत्तर मिळाले. त्याची चूक त्याच्यापाशी, पण माझ्याकडे उत्तराची उधारी राहिली. ती फेडण्याचा हा प्रयत्न आहे.

मूळ प्रश्न कोणता?

कयामतच्या दिवशी माणसाला ज्या गोष्टींचा जाब द्यावा लागेल, त्यांत संपत्तीविषयी दोन प्रश्न असतील, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले आहे : ती कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली. किती मिळवली, हा प्रश्न तेथे नाही. आपण मात्र गुंतवणुकीविषयी बोलताना सर्वांत आधी “किती टक्के मिळतील?” हेच विचारतो. क्रम उलटला की माणूस घसरतो.

“कोठून?” या प्रश्नाचे उत्तर शरीअतने काही स्पष्ट तत्त्वांत बांधून दिले आहे. सूरह अल्-बकरहमध्ये अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरवले. सूरह अन्-निसामध्ये एकमेकांची मालमत्ता अन्यायाने गिळंकृत करण्यास मनाई केली आणि परस्पर संमतीच्या व्यापाराला मुभा दिली. सूरह अल्-माइदहमध्ये जुगाराला मद्याच्या पंक्तीत बसवले. हदीसमधून फुकहांनी आणखी एक सूत्र घेतले : ज्याच्यावर नुकसानीची जबाबदारी, त्यालाच नफ्याचा अधिकार. यांतून कोणत्याही उत्पन्नाला लावता येतील अशा तीन कसोट्या निघतात. या पैशामागे खरी वस्तू, श्रम किंवा सेवा आहे काय? मी त्या वस्तूचा मालक म्हणून तोट्याचाही धनी आहे काय? आणि माझा नफा केवळ दुसऱ्या कोणाच्या नुकसानीतून तर येत नाही ना?

लाभांश : लाभाचा अंश

लाभांश हा शब्दच आपला अर्थ सांगतो. लाभ झाला तर त्याचा अंश. लाभ नाही तर अंशही नाही. कंपनीचा समभाग, म्हणजे साधा शेअर, ही तिच्या मालकीतील एक छोटी वाटणी आहे. कारखाना, यंत्रे, गोदामातील माल, येणी आणि देणी या सर्वांत भागधारकाचा हिस्सा असतो. वर्षअखेर नफा झाला आणि संचालकांनी शिफारस केली, तर भागधारकांच्या सभेच्या मंजुरीने त्यातील काही भाग वाटला जातो. नफा नसेल तर कंपनीवर त्याची सक्ती नसते. फिक्हच्या भाषेत ही शिर्कत, म्हणजे भागीदारी होय. स्वतः प्रेषितांनी (सल्ल.) नुबुव्वतपूर्वी हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर शाम देशी व्यापार केला होता. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्यात वाटा, ही रीत इस्लामला परकी नाही.

याउलट व्याजात ठरलेली रक्कम मिळतेच, मग कर्ज घेणारा तरो वा बुडो. मराठीच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट आठवते. ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे निष्कपट प्रेम. ‘व्याजोक्ती’ म्हणजे खरे कारण लपवून दुसरेच सांगणे. संस्कृतात ‘व्याज’ या शब्दाचा अर्थच बतावणी वा कपट असा आहे. नफ्याचे सोंग घेतलेली, पण तोट्याची जबाबदारी नाकारणारी रक्कम, असा त्याचा अर्थ लावला तर तो शरीअतच्या दृष्टीशी जुळतो.

म्हणूनच नावाला भुलू नये. ‘प्रेफरन्स शेअर’ या प्रकारात लाभांशाचा दर आधीच ठरलेला असतो आणि इतर भागधारकांच्या आधी तो दिला जातो. असे शेअर उलमा वैध मानत नाहीत. डिबेंचर आणि रोखे हे तर सरळ कर्ज असून त्यांवरील उत्पन्न व्याजच आहे. आपल्या चर्चेचा विषय केवळ साधा समभाग होय.

लाभांशाच्या टक्केवारीविषयीही सावध असावे. वर्तमानपत्रात “५०० टक्के लाभांश” असे वाचून अनेकजण चकित होतात. ही टक्केवारी शेअरच्या दर्शनी मूल्यावर असते. दर्शनी मूल्य २ रुपये असेल तर ५०० टक्के म्हणजे १० रुपये. तो शेअर बाजारात ५०० रुपयांना घेतला असेल तर प्रत्यक्ष उत्पन्न २ टक्केच होते. तसेच लाभांशापुरता एक दिवस आधी शेअर घेऊन दुसऱ्या दिवशी विकण्यात शहाणपण नाही. लाभांशाचा हक्क सुटला की शेअरचा भावही साधारण तेवढ्याने उतरतो. लाभांश हे संयमी मालकाचे उत्पन्न आहे.

कोणत्या कंपनीचा लाभांश?

भागीदारी वैध असली तरी भागीदार कोण, हे पाहावे लागते. मद्य, जुगार, तंबाखू, अश्लील मनोरंजन, व्याजावर चालणाऱ्या बँका, वित्तसंस्था आणि प्रचलित विमा यांत ज्या कंपन्यांचा मुख्य धंदा आहे, त्यांचे शेअर टाळावेत.

खरी अडचण पुढे येते. औषधे, सिमेंट किंवा संगणकप्रणाली तयार करणारी कंपनी धंद्याने स्वच्छ असते. पण तीही बँकेतून कर्ज घेते आणि शिल्लक पैसा ठेवीत ठेवून व्याज मिळवते. या मिश्रणाविषयी उलमांत मतभेद आहे. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ च्या ठरावात, व्याजाचे व्यवहार करणाऱ्या कंपनीत भाग न घेणे हेच मूळ तत्त्व मानले. दुसरीकडे मुफ्ती तकी उस्मानी यांच्यासारख्या विद्वानांनी आणि बहरीनस्थित ‘आयोफी’ या संस्थेने आजची परिस्थिती पाहून काही अटींवर परवानगी दिली. आयोफीच्या अटी थोडक्यात अशा : कंपनीचे व्याजी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी असावे, व्याजी ठेवीही ३० टक्क्यांपेक्षा कमी असाव्यात, आणि निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावे.

५ टक्के व्याज हलाल झाले, असा याचा अर्थ कोणीही घेऊ नये. ही केवळ अशा कंपनीत भागीदार होण्याची मर्यादा आहे. तो अंश हरामच राहतो आणि तो बाहेर काढावाच लागतो. ज्यांना पहिले, अधिक कडक मत योग्य वाटते, त्यांनी दूर राहावे. त्यांच्या तक्व्याची कोणी थट्टा करू नये. आपल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे ‘निफ्टी ५० शरीआ’ आणि ‘निफ्टी ५०० शरीआ’ असे निर्देशांक आहेत. त्यांतील नावे पाहून प्राथमिक निवड करता येते. पण कंपनीची स्थिती बदलते, म्हणून यादीही बदलते. वर्षातून एकदा तरी ती पुन्हा पाहावी.

शुद्धीकरणाचा हिशोब

हा हिशोब सामान्य माणसाला जमत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर मिळतो. त्यातील नफा-तोटा पत्रकात ‘इतर उत्पन्न’ या नोंदीखाली मिळालेले व्याज दाखवलेले असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीचे एकूण उत्पन्न १,००० कोटी रुपये आहे आणि त्यात ३० कोटी व्याजाचे आहेत, म्हणजे ३ टक्के. तुमच्याकडे १०० शेअर आहेत आणि प्रत्येकी १२ रुपये लाभांश मिळाला, म्हणजे १,२०० रुपये. त्याचे ३ टक्के, म्हणजे ३६ रुपये बाजूला काढावेत. ही मुफ्ती तकी उस्मानी यांनी सांगितलेली पद्धत आहे. आयोफीची पद्धत अधिक काटेकोर आहे. कंपनीचे एकूण १० कोटी शेअर असतील तर ३० कोटींच्या व्याजातील प्रत्येक शेअरच्या वाट्याला ३ रुपये येतात. १०० शेअरचे ३०० रुपये होतात. लाभांश वाटला असो वा नसो, तेवढी रक्कम काढावी. कोणती पद्धत अनुसरावी हे आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारावे. पण एक पद्धत धरून तीच पाळावी. जेथे कमी पडेल तेथे ती, असे करू नये.

ही रक्कम सवाबची नियत न करता गरजूंना द्यावी. ती जकात नाही, सदकाही नाही. ती आपल्या घरातून काढलेली घाण आहे. तिच्यातून स्वतःचा आयकर भरणे किंवा तीच जकातीत वळती करणे योग्य नाही.

क्रिप्टोच्या मागे काय आहे?

आता त्या तीन कसोट्या क्रिप्टोला लावू. बिटकॉइनची कल्पना २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने मांडली गेली आणि २००९ च्या जानेवारीत ती प्रत्यक्षात आली. जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाणारी ही एक खतावणी आहे. कोणाच्या नावे किती नाणी आहेत याची नोंद तीत होते. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा अधिक होणार नाहीत, असा तिचा नियम आहे. नोंद ठेवण्याचे हे तंत्र हुशारीचे आहे. तंत्राला कोणी हराम म्हणत नाही.

प्रश्न त्या नोंदीतून मिळणाऱ्या नफ्याचा आहे. बिटकॉइनच्या मागे कारखाना नाही, शेत नाही, भाडे देणारे घर नाही, कोणावर हक्क सांगता येईल असे येणेही नाही. त्याचा लाभांश नसतो, कारण लाभ निर्माण करणारे तेथे काही नाही. मी एका भावाने घेतले आणि माझ्यानंतर येणाऱ्याने अधिक भावाने घेतले, तरच मला नफा. हा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरपर्यंत चढला आणि वर्षभरात १६,००० च्या आसपास उतरला. पुढे तो पुन्हा चढला, हेही खरे. पण घराचा स्लॅब, मुलीचे लग्न, आईचे ऑपरेशन हे त्या चढण्याची वाट पाहत थांबत नाहीत.

यावर तरुण म्हणतात, “आता क्रिप्टोवरही लाभांशासारखे उत्पन्न मिळते.” येथे अधिक सावध व्हावे. एका प्रकारात नाणी कोणाला तरी कर्जाऊ देऊन ठरलेले टक्के घेतले जातात. हे नाव बदललेले व्याज आहे. ‘टेरा’ या प्रणालीचे उदाहरण बोलके आहे. तिचे एक नाणे नेहमी एका डॉलरइतके राहील, असे सांगितले जात होते आणि ते ‘अँकर’ या योजनेत ठेवले तर वर्षाला सुमारे २० टक्के मिळत. ते टक्के कोणत्या धंद्यातून येतात, हे विचारणारे थोडे होते. मे २०२२ मध्ये काही दिवसांत ते नाणे कोसळले आणि त्याचे जोडनाणे ‘लुना’ जवळपास शून्यावर आले. दुसऱ्या प्रकारात, ज्याला ‘स्टेकिंग’ म्हणतात, नाणी अडकवून व्यवहारांची पडताळणी करण्याबद्दल मोबदला मिळतो. त्याला काही विद्वान सेवेचा मोबदला म्हणतात; पण तो मोबदलाही त्याच नाण्यात मिळतो, ज्याच्या वैधतेवरच मुळात वाद आहे.

उलमा काय म्हणतात?

इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ च्या सुरुवातीला बिटकॉइनच्या व्यवहाराला मनाई केली. दारुल उलूम देवबंदच्या फतव्यांतही त्याला अवैध म्हटले आहे. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टो हराम ठरवले. मालमत्ता म्हणून केवळ काही अटी पूर्ण करणाऱ्याला वाव ठेवला. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीआ सल्लागार मंडळाने २०२० मध्ये, नोंदणीकृत बाजारातील व्यवहाराला तत्त्वतः परवानगी दिली. आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने २०१९ मध्ये अंतिम निर्णय न देता अधिक अभ्यासाची गरज सांगितली.

हा मतभेद लपवण्याचे कारण नाही. मी त्या दिवशी तो लपवला, ही माझी चूक होती. परंतु मतभेद म्हणजे मोकळे रान नव्हे. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि त्यांच्यामधील संशयास्पद गोष्टींपासून जो वाचला त्याने आपला दीन व अब्रू राखली, अशी प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आहे. ज्या मुफ्तींच्या मार्गदर्शनाखाली मी शिकलो त्यांच्याप्रमाणे माझेही मत क्रिप्टोपासून दूर राहावे असेच आहे. जे वैध मानतात तेदेखील उधारीवर, दुसऱ्याच्या पैशावर किंवा केवळ भाव चढेल या आशेवर खेळण्यास वैध म्हणत नाहीत.

“सरकार कर घेते, म्हणजे ते चालते,” हाही युक्तिवाद ऐकू येतो. एप्रिल २०२२ पासून आपल्या देशात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. कर आकारणे म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. मद्यावरही कर असतोच.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की शेअर बाजारातही जुगार आहे. ताबा न घेता सकाळी घेऊन दुपारी विकणे, हातात नसलेला शेअर विकणे, फ्युचर्स आणि ऑप्शन्स हे याच वर्गात मोडतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. तेव्हा “शेअर हलाल, क्रिप्टो हराम” असे सुटसुटीत वाक्य पाठ करू नये. कसोटी वस्तूची, मालकीची आणि जबाबदारीची आहे.

त्याचप्रमाणे ‘हलाल’ या पाटीलाही भुलू नये. २०१९ साली बंगळुरूत ‘हलाल नफ्या’च्या नावाने चालणारी एक संस्था कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी गेली. दरमहा न चुकता मोठा नफा देणारा प्रामाणिक व्यापार कोठे असतो? तेथेही प्रश्न तोच होता : हा पैसा कोठून येतो?

घरात पाळावयाच्या काही गोष्टी

पहिली गोष्ट अमानतीची. भावाने घरासाठी पाठवलेला पैसा त्याच कामासाठी आहे. त्याच्या परवानगीविना तो शेअरमध्ये घातला तरी ती खियानतच. आपण मनाशी प्रामाणिकपणे विचारावे : त्या तरुणाचे पैसे दुप्पट झाले असते, तर आपण त्याची पाठ थोपटली नसती काय? गुन्हा तोटा होण्यात नव्हता. तो पैसा हलवण्यात होता.

दुसरी, कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून गुंतवणूक करू नये. शेअर हलाल असला तरी बुडू शकतो. घरखर्च, देणी आणि अडीअडचणीची तजवीज झाल्यावर जे उरेल तेच त्यात घालावे.

तिसरी, पती-पत्नीने आणि कर्त्या मुलांनी गुंतवणूक एकमेकांपासून लपवू नये. एका वहीत ती लिहावी. माणूस अचानक गेला तर वारसांचा हक्क मोबाईलच्या पासवर्डमध्ये अडकून पडतो.

चौथी, जकात. शेअर पुन्हा विकण्यासाठी घेतले असतील तर जकातीच्या दिवशी त्यांच्या पूर्ण बाजारभावावर २.५ टक्के द्यावेत. लाभांशासाठी दीर्घकाळ ठेवले असतील तर कंपनीची रोकड, माल व येणी यांतील आपल्या हिश्श्यावर जकात येते. तो हिशोब जमत नसेल तर खबरदारी म्हणून बाजारभाव धरावा. हाती आलेला लाभांश इतर रोकडीत मिळवावा. ज्यांच्याकडे अजून क्रिप्टो आहे, त्यांनी मतभेदाच्या आडोशाने जकात चुकवू नये. तसेच त्यातून बाहेर कसे पडावे आणि आलेल्या नफ्याचे काय करावे, हे मुफ्तींना सर्व तपशील सांगून विचारावे.

त्या दोघा भावांशी मी त्या दिवशी असरपर्यंत बोललो. थोरल्यांनी आपल्या शेअरची यादी काढली. त्यात एका बँकेचे शेअर होते, ते त्यांनी नंतर विकले. धाकटा आता वायरिंगची कामे करतो आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम भावाला परत देतो. थोरले माफ करायला तयार होते. मी धाकट्याला म्हटले, माफी घेण्याआधी फेडण्याचा प्रयत्न कर, म्हणजे माफीची किंमत कळेल. सळया अजून उघड्या आहेत. पण त्यांच्यावर जो स्लॅब पडेल, तो कोठल्या पैशातून आला हे त्या घरातील प्रत्येकाला सांगता येईल.

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रोजी, तीत बरकत आणि संशयापासून दूर राहण्याचे बळ देवो. आमीन. वल्लाहु आलम.